झाकण न उघडता

झिव्काच्या कोठीच्या खोलीत चार फळ्या होत्या आणि चार फळ्यांवर मिळून ८६ बरण्या. मी दोनदा मोजल्या, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. त्यांतल्या ४१ बरण्यांच्या गळ्याशी काचेतच उठवलेली छोटी मिरची होती, म्हणजे त्या आमच्या कारखान्याच्या. या ४१ पैकी १४ मध्ये झिव्काने घरी केलेला आयवार, म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी होती, ९ मध्ये आलुबुखाराचा मुरांबा, ४ मध्ये व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मिरच्या, २ मध्ये घेवड्याचं बियाणं आणि एकीत बटणं. उरलेल्या ११ रिकाम्या, धुऊन उपड्या ठेवलेल्या. आमच्या कारखान्याचा आयवार एकाही बरणीत नव्हता.

"यंदा एखादी बरणी विकत आणली होती का?" मी विचारलं.

झिव्काने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या चालचलणुकीबद्दल काही विचारलं होतं. "आयवार? विकत? मी काय अंथरुणाला खिळलेय?"

दारात उभी असलेली स्टामेंकामावशी हसली. झिव्का तिची नणंद. "लिही बाळा," मावशी मला म्हणाली. "तब्येत ठणठणीत आहे असं लिही."

मी लिहिलं: घर क्रमांक १७, आमच्या बरण्या ४१, आमचा माल ०. बाजाराची पाहणी करणाऱ्या बेलग्रेडच्या एजन्सीने जो अहवाल आम्हाला दिला होता, त्यात याच घरासमोर छापलं होतं: बरण्या ४१, अत्यंत निष्ठावान ग्राहक.

तो अहवाल त्याच्या दहा दिवस आधी, फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, कारखान्याच्या जेवणघरात वाचून दाखवला गेला. आमचा कारखाना लेस्कोवात्स गावाच्या कडेला आहे. तिथे गोड्या लाल मिरच्या लाकडाच्या भट्टीवर भाजून, हाताने सोलून, वाटून, तेलात तासन् तास परतून आयवार करतात. भाजायचं आणि सोलायचं काम भट्टीच्या शेडमध्ये अकरा बायका करतात आणि त्यांची मुकादम स्टामेंकामावशी. एकोणतीस वर्षं ती तिथे आहे. तिच्या बोटांच्या टोकांवर ठसे उरलेले नाहीत; ओळखपत्र काढताना यंत्राने तिला तीनदा नाकारलं होतं. मी प्रयोगशाळेत. प्रयोगशाळा म्हणजे दोन टेबलं, एक चांगला तराजू, एक भट्टीएवढाच जुना ओव्हन आणि मी. अन्नतंत्रज्ञान शिकून बाहेर पडल्याला मला तेव्हा नऊ महिने झाले होते.

एजन्सीतर्फे ओग्नेन नावाचा तरुण आला होता. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला चांगला. त्याने भिंतीवर चित्रं दाखवायला सुरुवात केली. नोव्हेंबरात त्यांची माणसं गावातल्या १२० घरांत गेली होती. प्रत्येक घराच्या कोठीचा फोटो काढला. फोटोतून यंत्राने बरण्या ओळखल्या. एकूण बरण्या ५,९४०; त्यांतल्या आमच्या २,१९६.

"म्हणजे घराघरातल्या दर शंभर बरण्यांमध्ये सदतीस तुमच्या," ओग्नेन म्हणाला. "दुसरं कुठलंही नाव सहाच्या वर नाही. असा निष्ठावान ग्राहक मी दुसऱ्या कुठल्याच धंद्यात पाहिलेला नाही."

आमचे डायरेक्टर रातोमिर पुढच्या रांगेत बसले होते. त्यांची मान समाधानाने हलली.

तेवढ्यात स्टामेंकामावशी मागून म्हणाली, "ते चित्र जरा मागे घे रे. हा पडदा मी शिवलाय. ही आमच्या झिव्काची कोठी."

"घरांची नावं गुप्त असतात, बाई," ओग्नेन म्हणाला.

"गुप्त कसली? वरच्या फळीवर तिच्या नवऱ्याची टोपी आहे." बायका हसल्या. "आणि त्या बरण्यांत आयवार तिचा आहे. मी स्वतः परतायला गेले होते. दोन दिवस खांदा वर होत नव्हता."

मी हात वर केला. "यंत्र बरणी ओळखतं ते ठीक. आत काय आहे ते कसं ओळखतं?"

"बरणी ओळखण्यात ते अठ्ठ्याण्णव टक्के अचूक आहे."

"आत काय आहे?"

"आत काय आहे ते पाहणं आमच्या कामाच्या व्याप्तीत नव्हतं," तो म्हणाला. हे वाक्य त्याने इतक्या सभ्यपणे म्हटलं, की क्षणभर मला वाटलं माझाच प्रश्न असभ्य होता.

"पोरा," मावशी म्हणाली, "तुझी आई असते कुठे?"

"क्रुशेवात्सला."

"आयवार पाठवते तुला?"

"पाठवते."

"कशात?"

भिंतीवरच्या चित्राकडे न बघता ओग्नेन म्हणाला, "बरणीत."

"कुणाच्या?"

सगळं जेवणघर हसायला लागलं. ओग्नेनचे कान लाल झाले, पण डायरेक्टर म्हणाले, "पुरे. पुढचं चित्र," आणि पुढचं चित्र आलं. त्यावर लिहिलं होतं की ग्राहक नावाला बांधलेला आहे, त्यामुळे करण्याची पद्धत बदलली तरी तो हलणार नाही. म्हणून येत्या सप्टेंबरपासून बाहेरून टाकीतून येणारा तयार मिरचीचा लगदा वापरावा, त्यात गाजर आणि थोडा स्टार्च. भट्टीची शेड: आवश्यकता नाही.

हसणं थांबलं. मावशीने डोक्याचा रुमाल सोडला, घडी केली आणि पुन्हा बांधला.

मला राग चटकन येत नाही. मोजमाप चुकलं तर मी आधी उपकरण तपासते, मग स्वतःला. पण त्या दिवशी दुपारी मी वहीचं एक पान घेतलं आणि जे गणित आठवीतल्या मुलाला जमेल ते केलं. घरटी बरण्या १८.३. गावात घरं साधारण वीस हजार. म्हणजे एकट्या आमच्या गावात आमच्या तीन लाख सहासष्ट हजार भरलेल्या बरण्या असायला हव्यात. गेल्या वर्षी आम्ही भरल्या दोन लाख साठ हजार, आणि त्यातल्या एक लाख नव्वद हजार ऑस्ट्रिया आणि जर्मनीला गेल्या. ज्या आकड्याच्या जोरावर अकरा बायकांच्या पोटावर पाय द्यायचं ठरत होतं, तो आकडा खरा असेल तर आम्ही जेवढं केलं त्याहून जास्त एका गावाने खाल्लं होतं. हे तपासायला पाच मिनिटं लागली. एजन्सीत कुणी पाच मिनिटं काढली नव्हती, आणि आमच्या कचेरीतही नाही.

मी ते पान डायरेक्टरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वाचलं. वाचलं हे मी पाहिलं, कारण त्यांची नजर बेरजेवर थांबली.

"तू आम्लता मोज, नेवेना," ते म्हणाले. "बाजार मोजायला आपण माणसं नेमलीत."

"त्यांनी काच मोजलीय, साहेब."

"मोठ्या दुकानांना स्वस्त बरणी हवीय. बँकेला अहवाल हवाय. दोन्ही गोष्टी या कागदात आहेत. तुझ्या पानावर काय आहे?"

"वजाबाकी."

ते हसले आणि पान परत माझ्याकडे सरकवलं. चूक कुणाचीही होते. पण चूक दाखवल्यावर माणूस हसून कागद परत सरकवतो, तेव्हा ती चूक राहत नाही.

म्हणून मोजणी पुन्हा करायची असं मी ठरवलं. १२० घरांतली ३० निवडायची होती. मावशीच्या हातात मी १२० चिठ्ठ्यांचं पातेलं दिलं तर ती म्हणाली, "चिठ्ठ्या कशाला? मी तुला तीस अशी घरं सांगते, जिथे आपली एकसुद्धा बरणी विकत आलेली नाही."

"म्हणूनच चिठ्ठ्या, मावशी."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे. पण तुझ्यावर विश्वास ठेवून काढलेल्या आकड्यावर साहेबांनी का ठेवावा?"

तिने जरा विचार केला, डोळे मिटले आणि पातेल्यात हात घातला.

फोटोंवरून घरं शोधायला मावशी पुरेशी होती. पडदे, टोप्या, फळ्यांचे रंग, कुणाच्या भिंतीवर कुठल्या लग्नाचा फोटो. तिला सगळं ठाऊक होतं. आठ दिवस संध्याकाळी आम्ही फिरलो. भरलेली बरणी आमची की घरची हे झाकण न उघडताही कळतं, कारण कारखान्याच्या झाकणावर भरल्याची तारीख छापलेली असते आणि घरी भरलेल्या बरणीला नवं कोरं झाकण लावतात. त्यांच्या माणसांनी मान जरा वर करून झाकण पाहिलं असतं तरी पुरलं असतं. एका घरात आमच्या बरणीत मोटारीच्या इंजिनाचं तेल होतं. एका म्हातारीने सांगितलं की तिच्या बरण्या व्हिएन्नाला लेकीकडे भरून जातात आणि उन्हाळ्यात रिकाम्या परत येतात. न आणल्या तर लेकीला पुढच्या वर्षी आयवार नाही. बरणी टाकून देणाऱ्या सुनेबद्दल या गावात जे बोललं जातं, ते मी इथे लिहीत नाही.

तीस घरं, मिरचीच्या खुणेच्या बरण्या ५५१. आमचा आयवार असलेल्या १७.

हे घेऊन मी गेले तेव्हा ओग्नेन डायरेक्टरांसमोर बसला होता. अहवालाच्या अंतिम प्रतीवर सही करायला आला होता. मी दोन्ही तक्ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मावशीही माझ्यामागे आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

डायरेक्टरांनी तक्ता पाहिला. "मग काय झालं? लोक आपली बरणी दहा-दहा वर्षं जपतात. म्हणजे नाव घरात आहे. मी तर याला आणखी चांगली बातमी म्हणेन."

"रात्को," मावशी म्हणाली. साहेबांना या नावाने हाक मारणारी कारखान्यात ती एकटीच. "तुझी आई माझ्या शेजारी बसून मिरच्या सोलायची. तिने केलेल्या आयवारच्या बरण्या सगळं गाव जपायचं, पण तिला कुणी विचारायचं का?"

"मावशी, हा धंदा आहे."

"धंदाच म्हणतेय मी. लोकांनी बरणी जपली, आयवार स्वतःचा घातला. जे विकत घेतात त्यांना तू आता गाजर घालून देणार. मग ते काय जपतील?"

"नाव जपतील," डायरेक्टर म्हणाले. "सांग रे तिला."

ओग्नेनने पेनाचं टोपण काढलं होतं. ते त्याने परत लावलं. "मला यावर सही करता येणार नाही," तो म्हणाला.

"काय?"

"सतरा आणि पाचशे एक्कावन्न. हे माझ्याकडे आल्यावर मी सदतीस टक्क्यांखाली सही कशी करू? मला हे आधीच... माझ्या घरात सहा बरण्या आहेत, साहेब. सगळ्या मिरचीच्या."

"त्या सभेच्या दिवशीही सहाच होत्या," मी म्हणाले. मला त्याची दया येत नव्हती. "त्या दिवशी तू पुढचं चित्र दाखवलंस."

त्याने पेन खिशात ठेवलं. बरं झालं.

डायरेक्टर बराच वेळ चिडून बोलले. एजन्सीवर, माझ्यावर, मावशीवर, बँकेने दिलेल्या मुदतीवर. ते बोलायचे थांबल्यावर मी म्हणाले की खरा प्रश्न अजून कुणी विचारलेलाच नाही. जे लोक आयवार विकत घेतात, ते टाकीतला खातील का? ते मोजता येतं. निश शहरात चला. तिथल्या उंच इमारतींत चूल नाही, गच्ची नाही, मिरच्या भाजायची सोय नाही. अशी चाळीस घरं घेऊ. प्रत्येक घरी साध्या काचेच्या दोन बरण्या, नाव नाही, फक्त ठिपका. एक भाजलेला, एक टाकीतला.

"आणि मग विचारायचं कुठला आवडला," ओग्नेन म्हणाला.

"विचारलंस तर दोन्ही छान म्हणतील," मावशी म्हणाली. "दारात आलेल्या माणसाला त्याने आणलेला पदार्थ वाईट आहे असं कोण सांगेल? तुझ्या आईने असं शिकवलंय तुला?"

"विचारायचं नाही," मी म्हणाले. "चौदा दिवसांनी जाऊन उरलेलं वजन करायचं."

डायरेक्टर म्हणाले, "आणि टाकीतला खाल्ला तर?"

"तर शेड बंद," मावशीच म्हणाली. मी तिच्याकडे वळले, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. "पण आकडा आज लिही. किती खाल्ला तर बंद, तो आज. नंतर नाही."

बरीच ओढाताण झाली. शेवटी कागदावर आलं: टाकीतला आयवार भाजलेल्याच्या नऊ दशांश किंवा त्याहून जास्त खाल्ला गेला तर शेड सप्टेंबरात उघडणार नाही. कमी खाल्ला गेला तर शेड चालू राहील आणि लगद्याची मागणी रद्द. डायरेक्टरांनी सही केली, ओग्नेनने केली, मी केली. मावशीने सर्वांत शेवटी केली आणि कागदाची एक प्रत मागून घेतली.

बरण्या मी भरल्या नाहीत. मला कुठला कोणता हे कळायलाच नको होतं. जेवणघरातल्या स्वयंपाकीणबाई पेर्साने दार लावून घेतलं, ८० बरण्या भरल्या, प्रत्येकीत ६९० ग्रॅम, हिरवे आणि पिवळे ठिपके चिकटवले, आणि कुठल्या ठिपक्यात काय ते एका कागदावर लिहून पाकीट बंद केलं. तिने मावशीला आत येऊ दिलं नाही, म्हणून मावशी तिच्याशी दोन दिवस बोलली नाही.

निशमध्ये मी आणि ओग्नेन. भाजल्याचा वास मला चटकन कळला असता, म्हणून ठरवून मी एकाही बरणीचं झाकण उघडलं नाही. दारोदार आम्ही एवढंच सांगितलं की नवीन आयवार आहे, खा, आम्ही परत येऊ. चाळीसच्या चाळीस घरांनी आम्हाला आत बसवलं. पहिल्याच दिवशी ओग्नेनला अकरा कॉफ्या झाल्या आणि बाराव्या घरातही त्याने कप उचललाच.

"नाही म्हणता येत नाही का?" मी विचारलं.

"तुला येतं?"

मलाही येत नव्हतं. मी चौदा प्यायले.

जिना उतरताना तो म्हणाला, "मला वाटलं होतं तू मला नोकरीवरून काढायला लावशील."

"अजून वाटतंय का?"

"तुझा तराजू अजून पिशवीतून बाहेर यायचाय. मग सांगतो."

चौदा दिवसांनी आम्ही परत गेलो. तराजू मी प्रत्येक घरात टेबलावर पाणसळ लावून सरळ केला आणि बरणीचं रिकामं वजन आधीच लिहून ठेवलेलं होतं ते वजा केलं. लोकांना आम्ही विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलंच. "दोन्ही छान," एकजण म्हणाले. "दोन्ही अगदी घरच्यासारखे," त्यांच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाई म्हणाल्या. त्यांच्या दोन बरण्यांपैकी एक जवळजवळ भरलेली होती. ओग्नेनने त्यांच्यासमोर ती तराजूवर ठेवली तेव्हा बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. "पाहुण्यांसाठी राखून ठेवलीय," त्या म्हणाल्या.

तीन घरं बाद करावी लागली. तिथल्या बायकांनी दोन्ही बरण्या रिकाम्या करून, धुऊन, पुसून आमच्या हातात ठेवल्या. उरलेलं कशात काढलं ते त्यांना आठवत नव्हतं. एकीने रिकामी बरणी परत द्यायला लाज वाटते म्हणून तीत अक्रोड भरून दिले. ओग्नेनने ते परत करायचा प्रयत्न केला आणि त्याला ओरडा बसला.

राहिली ३७ घरं. प्रत्येक रंगाचा दिलेला आयवार २५,५३० ग्रॅम.

डायरेक्टरांच्या खोलीत आम्ही पाचजण जमलो. पेर्सा पाकीट एप्रनच्या खिशातून काढून उभी राहिली. मावशी खुर्चीवर बसली नाही. माझ्या वहीत दोन बेरजा होत्या आणि त्या मी तीनदा तपासल्या होत्या. ओग्नेनने स्वतंत्रपणे केलेल्या बेरजा त्यांच्याशी जुळत होत्या. डायरेक्टरांनी सही केलेला कागद स्वतः ड्रॉवरमधून काढला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"उघड," ते पेर्साला म्हणाले.

पेर्साने पाकीट फाडलं आणि वाचलं. हिरवा ठिपका, भाजलेला. पिवळा ठिपका, टाकीतला.

मी वही उघडली आणि दोन्ही आकडे वाचले. हिरव्यातून खाल्लेला आयवार २१,४२० ग्रॅम. पिवळ्यातून ७,५८४; नऊ दशांश सोडाच, निम्माही नाही, म्हणजे शेड चालू राहणार.